विटांच्या घराचा बाहेरचा गिलावा

न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून चैत्र-वैशाखाच्या संध्याकाळी गावोगावच्या श्रोत्यांनी इतिहास ऐकला, अर्थशास्त्र ऐकले, संतवाङ्मय तर भरपूर ऐकले. अशा जागी गिलाव्याचा विषय घेऊन आम्ही यावे, याचे कोणाला हसू आले तर त्यांचा दोष नाही. पण लोणंदमध्ये गेल्या काही वर्षांत नवी घरे किती उठली ते श्रोत्यांनी स्टेशनापासून बाजारतळापर्यंत चालत जाऊन पाहावे, आणि त्यांतील किती घरांच्या बाहेरच्या भिंतींवर दुसऱ्याच पावसाळ्यानंतर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा दिसतात तेही मोजावे. माणूस जन्मात एकदा घर बांधतो. त्याच्या अंगावरचा कपडा दोन वर्षांत विरला, तर हा विषय हसण्यावारी नेण्याजोगा राहत नाही. शिवाय त्या भेगांवरून गवंड्याची बाकी अडकते, आणि अशी अडकलेली मजुरी सोडवणे हे आमचे गेल्या पंचवीस-तीस वर्षांचे काम आहे. या भांडणांत पडूनच आम्ही गिलावा शिकलो. शाळेत तो कोणी शिकवला नाही.

प्रथम गिलावा कशासाठी असतो ते पाहू. पुष्कळांची समजूत अशी की, गिलाव्याने भिंत मजबूत होते. ही समजूत टाकून दिली पाहिजे. भिंत उभी राहते ती पायावर, विटेवर, बांधणीवर आणि कोपऱ्यांच्या सांध्यांवर. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे आपल्याच जिल्ह्यात कोयनानगरला भूकंप झाला, तेव्हा मातीत बांधलेल्या दगडांच्या जाडजूड भिंती कोसळल्या. बाहेरून सारवलेली, लिंपलेली भिंत आणि उघडी भिंत यांत भूकंपाने भेद केला नाही. गिलाव्याचे काम अंगरख्याचे आहे. वीट पाणी पिते. कोरडी वीट बादलीत टाकली तर ती बुडबुडे सोडीत कशी पाणी ओढते ते सर्वांनी पाहिले आहे. पावसाचे तेच पाणी भिंतीतून आत येऊ नये, विटांचे सांधे धुपू नयेत, ऊन आणि पाऊस यांचा मार आधी गिलाव्याने खावा आणि वीट शाबूत राहावी, एवढ्यासाठी तो असतो. आणखी एक गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. भिंतीत शिरलेला ओलावा बाहेर पडायलाही वाट हवी असते. अंगरख्यातून घाम जावा तसा. जो गिलावा पाणी आत घेत नाही पण आतले पाणी बाहेरही सोडत नाही, तो काही दिवस चांगला दिसतो आणि पुढे पापुद्र्यांनी सुटतो.

जुन्या लोकांचा चुन्याचा गिलावा ही दोन्ही कामे करीत असे. ओढ्याकाठी आणि काळ्या रानात सापडणारे चुनखडीचे खडे भट्टीत भाजायचे. सुमारे नऊशे अंश उष्णतेला त्यांतला कार्बनी वायू निघून जातो व कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी पडले की तो खदखदून फुटतो. मग तो हौदात मुरवायचा, वाळू व विटांची भुकटी, म्हणजे सुरकी, मिसळून घाण्यात मळायचा. हा घाणा म्हणजे दगडी गोल चर आणि त्यात फिरणारे दगडी चाक. बैल जुंपून ते फिरवीत. आपल्याकडच्या कित्येक किल्ल्यांवर अशी चाके अजून पडलेली दिसतात. काही ठिकाणी मालात गूळ, हिरड्याचे पाणी, ताग असेही घालीत. भिंतीवर बसलेला चुना हवेतला तोच वायू हळूहळू परत घेतो आणि पुन्हा दगड होऊ लागतो. यास महिने लागतात. तेवढ्या महिन्यांत भिंत थोडी खचली, सरकली, तर मऊ चुना तिच्याबरोबर सरकतो. ‘चुना लावणे’ याचा अर्थ फसवणे असा कसा झाला हे भाषापंडितांनी सांगावे. घराला चुना लावणारा गवंडी तरी कोणाला फसवीत नसे.

मग सिमेंट आले. इंग्लंडात जोसेफ ॲस्पडिनने 1824 साली पोर्टलंड सिमेंटचा हक्क नोंदवला. आपल्या देशात 1914 साली पोरबंदरला त्याचे व्यवस्थित उत्पादन सुरू झाले. सिमेंटने बांधकामाला वेग दिला, ताकद दिली, उंची दिली. त्याची निंदा करण्याचे कारण नाही. पण सिमेंटबरोबर एक खोटी कल्पनाही घरोघर पोचली. महिन्याचे काम आता दिवसाचे झाले, असे लोकांना वाटू लागले. चुना आपल्या चालीने घट्ट होई, त्यामुळे घाई करणाऱ्याला तो दादच देत नसे. सिमेंट घाई चालवून घेते, निदान तसे भासवते. आमचे सांगणे एवढेच आहे की, लोणंदसारख्या गावातला बहुतेक बिघडलेला गिलावा सिमेंट कमी पडल्यामुळे बिघडलेला नसतो. तो वेळ कमी पडल्यामुळे बिघडतो. आणि हा वेळ कोणी चोरला याचा शोध घेतला, तर तो एकट्या गवंड्याने चोरलेला नसतो.

आता आपल्या हवेचा विचार करा. त्याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि आपण डोंगराच्या पडछायेत बसलो आहोत. आपल्या वाट्याला त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासच येतो. म्हणून पुष्कळजण म्हणतात, आपल्याकडे पाऊसच कुठे आहे, गिलाव्याची एवढी काळजी कशाला? पण आपल्याकडे गिलाव्याचा खरा वैरी पाऊस नसून ऊन आणि कोरडा वारा आहे. बांधकामे चालतात फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत. पारा चाळिशीला टेकतो, विहिरी तळ गाठतात, आणि घरमालकाचा हट्ट असतो की माउलींची पालखी लोणंदला मुक्कामाला येण्याआधी घर रंगून तयार पाहिजे, कारण वारकरी उतरायचे असतात, पाहुणे यायचे असतात. हेतू चांगला आहे. पण वैशाखातल्या दुपारी पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीवर चढवलेला माल हाताखालीच वाळतो. सिमेंट वाळून घट्ट होत नाही. पाण्याशी संयोग पावून ते घट्ट होते. पाणी आधीच उडून गेले किंवा तहानलेल्या विटेने ओढून घेतले, तर सिमेंटची निम्मी पूड तशीच उपाशी राहते. अशी भिंत नखाने खरवडली तरी वाळू हातात येते.

यावर आमचे जुने गवंडी एक साधी युक्ती करीत आणि जाणते लोक अजून करतात. ते सावलीमागे चालतात. सकाळी पश्चिमेची भिंत घ्यायची, दुपार कलली की पूर्वेची. उत्तरेची केव्हाही चालते, दक्षिणेची मात्र अगदी सकाळी उरकावी. वारा फार असेल तर परांचीला बाहेरून गोणपाट बांधायचा. यात एका पैशाचे सिमेंट वाढत नाही.

भिंतीची तयारी म्हणजे निम्मा गिलावा. बांधकाम निदान महिनाभर उभे राहून त्याचे पाणी ओसरलेले असावे, स्लॅब पडलेला असावा, नळाच्या व विजेच्या खाचा आधीच मारलेल्या असाव्यात. गिलावा झाल्यावर छिन्नी चालवणे म्हणजे नव्या कपड्याला कातरी लावणे. विटांचे सांधे ओले असतानाच अर्धा इंच खोल खरवडून ठेवावेत, म्हणजे मालाला धरायला दात मिळतात. मग भिंत झाडून आदल्या संध्याकाळी भरपूर भिजवावी आणि सकाळी पुन्हा शिंपावी. भिंत आतून ओली पण वरून निथळलेली हवी. ओघळ वाहत असताना माल मारला तर तो घसरतो, आणि कोरडीवर मारला तर काय होते ते वर सांगितलेच. जेथे काँक्रीटचा खांब वा तुळई विटेला भिडते तेथे दोघांचे ऊनपावसात फुगणे-आकसणे वेगळे असते. त्या सांध्यावर दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच जाईल अशी तारेची बारीक जाळी, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती, ठोकून मग गिलावा करावा. बहुतेक नव्या घरांवर खांबाच्या कडेने जी सरळ उभी भेग दिसते ती या एका जाळीच्या अभावी पडलेली असते.

मालाविषयी लोकांचा भ्रम मोठा आहे. ‘सिमेंट जास्त घाला, पैसे आम्ही देतो’ असे मालक मोठ्या औदार्याने म्हणतो. पण जास्त सिमेंटचा माल जास्त आकसतो आणि जास्त तडकतो. मऊ विटेवर कडक पापुद्रा बसवला की वीट एका बाजूला ओढते, पापुद्रा दुसऱ्या. बाहेरच्या गिलाव्याला पहिल्या हाताला एकास चार किंवा पाच, वरच्या हाताला त्याहून थोडा हलका, असे प्रमाण पुरते. वरचा थर खालच्यापेक्षा कधीही कडक असू नये. त्याहूनही चांगले म्हणजे एक भाग सिमेंट, एक भाग चुना आणि सहा भाग वाळू. चुन्यामुळे माल लोण्यासारखा चालतो, पाणी धरून ठेवतो आणि भिंतीबरोबर थोडा लवतो. विरवलेला चुना पोत्यांत तयार मिळतो, बैलांचा घाणा लागत नाही. तरी तो आणायचा कंटाळा केला जातो. पहिला हात सुमारे बारा मिलिमीटरचा, त्यावर ओरखडे काढून ठेवावेत. तो दोन-तीन दिवस भिजवून, जरा सुकू देऊन मग दुसरा सहा ते आठ मिलिमीटरचा. एकूण वीस. एका दमात वीस मारणारा गवंडी आपल्याच वजनाने सुटणारा गिलावा करतो. पाणी घातलेला माल अर्ध्या-पाऊण तासात संपवावा. जेवणाच्या सुट्टीत पडून राहिलेला माल पुन्हा पाणी मारून मऊ करता येतो, पण जिवंत करता येत नाही.

हिशेब सांगायचा तर हजार चौरस फूट भिंतीला एकास पाच प्रमाणाने बारा-तेरा पोती सिमेंट आणि पाऊण ब्रासच्या आसपास वाळू लागते. कोणी याच्या दीडपट मागितले तर भिंत वाकडी आहे, किंवा माणूस.

वाळू! नीरेची वाळू आमच्या पिढीने पाहिली. नद्या खरवडून खरवडून आपण त्यांचे पात्र उघडे पाडले. 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरणाची परवानगी आवश्यक ठरवली, आणि आता पुष्कळ ठिकाणी दगड भरडून केलेली वाळूच वापरात आहे. ती वाईट नाही, पण गिलाव्यासाठी वेगळी, बारीक आणि धुतलेली मागून घ्यावी लागते. बांधकामाची भरड वाळू दगडाच्या पिठासकट गिलाव्याला वापरली की भेगा पडल्याच म्हणून समजा. परीक्षा घरच्या घरी होते. काचेच्या बरणीत निम्मी वाळू आणि वर पाणी, चिमूटभर मीठ, खळखळून हलवावे आणि रात्रभर ठेवावे. सकाळी वाळूवर बसलेला गाळ शंभराला आठ भागांपेक्षा जास्त दिसला तर ती वाळू परत पाठवावी. मीठ या परीक्षेपुरतेच. भिंतीला मीठ म्हणजे विष.

त्यावरून लोण्याची गोष्ट निघते. या शब्दावरून गावाच्या नावाची कोटी कोणाला सुचली तर सुचो. जोत्याच्या वर दोन-तीन फुटांपर्यंत गिलावा फुगतो, पांढरी भुकटी सुटते, रंग गळतो, त्याला आपण भिंतीला लोणा लागला म्हणतो. जमिनीतले पाणी विटेतून वर चढते, येताना क्षार आणते आणि भिंतीच्या तोंडाशी पाणी उडून क्षार मागे राहतात. नीरेच्या कालव्याखालच्या जमिनी कशा चोपण झाल्या हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. भिंतीतही तेच घडते. त्यावर पुन्हा पुन्हा सिमेंट थापणे व्यर्थ आहे, ओलावा आणखी वर चढतो इतकेच. जोत्याशी ओल अडवणारा थर बांधतानाच घालावा, अंगणाचा उतार भिंतीपासून दूर काढावा, आणि बाहेरचा गिलावा जमिनीत न गाडता जोत्याच्या माथ्याशी संपवावा. बोअरचे खारे पाणी मालात वापरू नये. छज्जाच्या खालच्या कडेला बोटभर खाच मारली की पागोळी तेथेच गळून पडते, भिंतीवरून वाहत नाही. या खाचेला खर्च नाही, फक्त आठवण लागते.

गावठाणात अजून मातीत बांधलेल्या विटांची घरे आहेत. त्यांना सिमेंटचा अंगरखा घालू नये. माती ओलावा घेते-सोडते, सिमेंट तो कोंडते. चार पावसाळ्यांनी पाटाएवढा तुकडा आवाज करून खाली येतो आणि त्याबरोबर मागची मातीही. तेथे चुनाच योग्य.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. गिलावा झाल्यावर त्याला पाणी कोणी मारायचे? साधे सिमेंट असेल तर सात दिवस भिंत ओली ठेवावी लागते. आता बहुतेक पोती राखमिश्रित सिमेंटची असतात, त्याला दहा दिवस. आणि काँक्रीटसाठीचे भारतीय मानक 456 कोरड्या उष्ण हवेत मिश्र सिमेंटला चौदा दिवसांची शिफारस करते. गिलाव्यालाही तेवढे धरणे शहाणपणाचे, कारण पातळ थर जाड थरापेक्षा लवकर वाळतो. हजार चौरस फुटांवर दिवसातून तीन-चार वेळा पाणी शिंपायचे तर, आमच्या अंदाजाने, रोज तीन-चारशे लिटर लागेल आणि एका माणसाचे दोनेक तास जातील. वैशाखात हे पाणी टँकरचे असते. आणि काम दिलेले असते उक्ते, चौरस फुटाच्या दराने. त्या दरात परांची येते, माल येतो, घोटाई येते. भिजवणे येत नाही. गवंडी शेवटचा फूट घोटून दुसऱ्या गावी जातो, कारण तेथे न गेला तर त्याची चूल पेटत नाही. ठेकेदार म्हणतो मालक पाणी मारील, मालक म्हणतो ते ठेकेदाराचे काम, आणि भिंत तहानलेली मरते. हा उक्ता दरच गवंड्याला सावलीमागे चालू देत नाही, दुसऱ्या हाताची वाट पाहू देत नाही. रोजंदारीने आळस येतो असे मालकांचे म्हणणे. त्यात तथ्य मुळीच नाही असे आम्ही म्हणत नाही. पण घाईची किंमत आळसापेक्षा जास्त पडते.

उपाय अवघड नाही. आपल्या बाजारात कांद्याची जुनी बारदाने मिळतात. ती शिवून भिंतीवर सोडावीत आणि भिजवावीत, पाणी निम्म्याने वाचते. भिजवण्याचा वेगळा रोज धरून तो ठरावीक माणसाला द्यावा. पुष्कळदा हे काम बिगारी बाईच करते, गवंड्यापेक्षा नेमाने करते, आणि तिला त्याचे काही मिळत नाही. समान कामाला समान वेतनाचा कायदा 1976 साली झाला. परांचीवर घमेले चढवणाऱ्या बाईचा रोज तरी पुरुषाहून कमीच ठरतो.

त्याच परांचीविषयी दोन शब्द. दोन मजल्यांवरून माणूस पडतो तो बहुधा मोकळी फळी उलटल्याने किंवा कुजक्या सुतळीने. फळ्या दोन्ही टोकांना बांधाव्यात, बाहेरच्या अंगाला कमरेइतका आडवा बांबू असावा. ओला सिमेंटचा माल कातडी जाळतो, आणि त्यातल्या क्रोमियमने वर्षानुवर्षे हात फुटतात, खाज सुटत नाही. रबरी हातमोज्यांची किंमत पोत्याच्या किमतीच्या तुलनेत नगण्य आहे. 1996 च्या कायद्याने बांधकाम कामगारांसाठी उपकर व कल्याण मंडळे आली, महाराष्ट्रात असे मंडळ 2011 साली झाले. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितांनी घेतली, तरी वर्षात नव्वद दिवस काम केल्याची अट आहेच. ज्याने आपल्या घराला गिलावा केला त्याच्या दिवसांचा दाखला देताना हात आखडू नये.

शेवटी भेगांची पारख, कारण बाकी अडवली जाते ती यांवरच. सर्व भेगा गवंड्याच्या नसतात. जाळ्यासारख्या, केसाएवढ्या, नखाला न लागणाऱ्या भेगा मालाच्या आकसण्याच्या. त्या फार सिमेंट, पिठूळ वाळू, उन्हातली घाई किंवा न मारलेले पाणी यांच्या. यांतले पहिले बहुधा मालकाने आग्रहाने घातलेले असते. खांबाच्या कडेची उभी भेग जाळी न लावल्याची. बोटाने ठोकून पोकळ आवाज येतो तेथे गिलावा विटेपासून सुटला आहे. तो भाग चौकोनी कापून, वीट उघडी करून, भिजवून पुन्हा भरावा, वरून लांबी चोपडू नये. पण खिडकीच्या कोपऱ्यातून पायऱ्यापायऱ्यांनी तिरपी उतरणारी, आतल्या बाजूलाही दिसणारी भेग ही भिंतीची आहे. काळ्या मातीवर उथळ पाया घेतला की माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि घर तिच्याबरोबर श्वास घेते. तेथे जगातला कोणताही गिलावा टिकणार नाही आणि कोणत्याही गवंड्याची मजुरी त्यासाठी अडवणे न्याय्य होणार नाही.

शंका असेल तर भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना पक्की चिकटवावी, तिच्यावर तारीख लिहावी आणि एक पावसाळा व एक उन्हाळा थांबावे. काच फुटली तर भिंत हलते आहे, इंजिनिअरला बोलवावे. काच शाबूत राहिली तर दोष गिलाव्याचा, गवंड्याला बोलवावे. आमच्याकडे तक्रार घेऊन येणाऱ्या दोन्ही पक्षांना आम्ही आधी ही पट्टी लावायला सांगतो, आणि तोपर्यंत निम्मी बाकी तरी चुकती करायला लावतो.